हाक त्यांनी मारायची

अक्का भर बाजारात ओळख दाखवत नसत. धुळ्याच्या भाजीबाजारात त्या वांगी निवडत असताना समोरून एखादी बाई येई, जरा थबके, आणि अक्का तिच्या जागी मोकळा रस्ता असावा तशा बघत. मग पुन्हा वांगी. खानदेशात ओळखीचं माणूस भेटलं आणि चार शब्द बोललं नाही, तर लोक तो राग नातवंडांच्या लग्नापर्यंत जपून ठेवतात. त्यामुळे निम्मं धुळं अक्कांना शिष्ट म्हणायचं. त्यांचे यजमान, नाना, तर म्हणायचे की हिला घेऊन लग्नाला जाणं म्हणजे शिक्षा आहे, ताटावरून नजरच उचलत नाही.

अक्का एका दवाखान्यातल्या मानसोपचार वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. मी नर्सिंग पूर्ण करून त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा डॉक्टरांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि कशाचीच घाई नाही. पहिल्याच आठवड्यात त्या मला बाजारात भेटल्या. आम्ही बोलत उभ्या होतो, तर शेजारून एक बाई गेली. नुकतंच आम्ही तिला बरं करून घरी पाठवलं होतं. मी हसून हात वर करणार, तेवढ्यात अक्कांनी तो खाली दाबला.

"हाक त्यांनी मारायची," बाई लांब गेल्यावर त्या म्हणाल्या. "आपण फक्त ओ द्यायची."

तिच्याबरोबर सासू होती की शेजारीण, आपल्याला काय ठाऊक? आपण हसलो की ती विचारणार, ही सिस्टर तुझ्या ओळखीची कशी? आणि त्या बाईला भर बाजारात खोटं बोलावं लागणार. एवढं सांगून अक्कांनी वांग्यांचा भाव पाडून घेतला.

वॉर्डात त्यांचा दुसरा हट्ट असा, की चोरून औषध द्यायचं नाही. आमच्याकडे घरोघरची युक्ती म्हणजे माणूस गोळी घेत नसेल तर ती कुटून चहात नाहीतर भरितात कालवायची. भरितात काहीही खपून जातं. जळगावकडचा एक तरुण दाखल झाला, तो फक्त केळी खायचा. आईने भरितात गोळ्या घातल्याचं त्याला कळलं होतं, आणि तेव्हापासून ज्याची साल तो स्वतः काढेल तेवढंच तो तोंडात घालत होता. आई अक्कांच्या कानाशी लागली, की तुम्हीच दुधातून द्या, तुमच्यावर त्याचा संशय नाही. अक्का चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माय, आज तो तुझ्या हातचं खात नाही. उद्या माझ्याही हातचं खाणार नाही. मग तिसरा हात कुठून आणू?"

मग त्या त्याच्याशेजारी बसून केळी खाऊ लागल्या. गोळी उघड्या तळहातावर ठेवायच्या, तिचं नाव सांगायच्या, ती कशासाठी आहे, तिने झोप येईल, तोंड कोरडं पडेल, सगळं. तो नको म्हणाला की गोळी परत, आणि डॉक्टरांना निरोप. आम्हाला वाटायचं, ह्या हिशेबाने अक्का आणि तो, दोघंही केळ्यांवरच म्हातारे होणार. पण एक दिवस त्याने गोळी उचलली. घरी जायच्या आधी आईच्या डब्यातली भाकरीही खाल्ली. भरिताला मात्र त्याने हात लावला नाही, आणि आईनेही आग्रह केला नाही.

मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला तेव्हा आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं. रुग्णाला विचारल्याशिवाय काय करायचं नाही, बांधायचं झालंच तर डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय नाही, त्याची माहिती बाहेर द्यायची नाही. अक्का खूश होत्या. आजवर लोक म्हणायचे हा अक्काचा स्वभाव आहे, आता म्हणता येईल कायदा आहे. मात्र गप्प बसणं म्हणजे सगळंच पोटात घालणं नव्हे, हेही त्यांचंच. एकाने त्यांना गुपचूप सांगितलं की मला जगायचं नाही, कोणाला बोलू नका. त्याचा हात धरून अक्का म्हणाल्या की हे एक मी ठेवून घेणार नाही, चल, आपण दोघं मिळून डॉक्टरांना सांगू. आणि खरोखरच त्याला बरोबर घेऊन गेल्या.

माझं आणि त्यांचं वाजलं ते ह्या बंद तोंडापायीच. माझी धाकटी बहीण सुषमा मला दुपारचा डबा द्यायला वॉर्डाच्या दारात येई. तिचं लग्न चाळीसगावला ठरत आलं होतं, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मुलाची मावशी धुळ्यातच राहायची. तिने सुषमाला त्या दारातून बाहेर पडताना पाहिलं आणि सरळ अक्कांकडे आली. मी आत औषधं लावत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, ती पोर तुमना वॉर्डमा व्हती का?"

"वॉर्डमा कोन व्हतं, कोन नव्हतं, हाई मी कोनलेच सांगत नही," अक्का म्हणाल्या. "बठ्ठास्ले एकच उत्तर शे."

सगळ्यांना एकच उत्तर, पण मावशीला जे समजायचं ते ती समजली. मी बाहेर येईपर्यंत ती गेलीही होती. मी अक्कांच्या अक्षरशः विनवण्या केल्या. एकदा 'नाही' म्हणा, खरंच तर आहे, खोटं कुठे बोलायचंय? अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"आज सुषमासाठी 'नाही' म्हटलं, तर उद्या जिच्यासाठी गप्प राहीन तिचं काय? माझं गप्प राहणंच तिचं नाव सांगेल. तू बहीण आहेस. सुषमाला विचार, आणि तू जाऊन सांग. तुला कोणी अडवलंय?"

मी गेले, सांगितलं. मावशी म्हणाली, बहीण दुसरं काय बोलणार. लग्न मोडलं.

आमच्या घरी अक्कांचं नाव निघालं की आई ताट सरकवून उठायची. मी कितीतरी महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी समजूत काढली नाही. रागव, म्हणाल्या, पण ड्यूटी सोपवताना नीट सांगत जा, पुटपुटू नको. शहाणी निघाली ती सुषमाच. ज्या घरात आजारी पडायची सोय नाही, तिथे नांदून मी काय करू, असं ती आईला म्हणाली, आणि पुढे नरडाण्याला एका कारखान्यातल्या सरळ मुलाशी तिने लग्न केलं.

काही वर्षांनी आमच्याच नात्यातलं एक माणूस त्या वॉर्डात दाखल झालं. झोप उडालेली, जगणं नको झालेलं. अक्कांनी माझी ड्यूटी लगेच दुसरीकडे लावली. इथे तू नातेवाईक, भेटायच्या वेळेत ये, म्हणाल्या. ते माणूस बरं होऊन घरी आलं, आणि चौकशा सुरू झाल्या. नोकरीच्या ठिकाणचे आले, सोयरे आले. अक्कांनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. आणि त्या उत्तरातून कोणालाही काही काढता आलं नाही, कारण जी कधी दाखल नव्हती तिच्यासाठीसुद्धा अक्का 'नाही' म्हणत नाहीत, हे तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. सुषमा नुसती डबा द्यायला यायची हे पुढे गावभर झालं होतं, आणि तिचं मोडलेलं लग्न हाच त्याचा पुरावा होता. त्या माणसाची नोकरी राहिली, घर राहिलं. मी औषधांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. मग तोंड धुऊन अक्कांसाठी चहा आणला.

निवृत्तीनंतर अक्का दीपनगरला मुलाकडे राहायला गेल्या. शेवटच्या भेटल्या त्या जळगावला, एका लग्नात. ते माणूस माझ्याबरोबर होतं. मी पाया पडले, अक्का माझ्याशी भरभरून बोलल्या, पण शेजारी नजर गेली नाही. त्या मांडवाकडेच बघत राहिल्या. शेवटी तेच माणूस वाकलं आणि म्हणालं, "अक्का, ओळखलं का?"

"ये, बस," अक्का म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "कधीची वाट बघतेय."

पलीकडच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, तुमची ओळख कुठली? अक्का गप्प. मी गप्प. ते माणूसच अगदी सहज म्हणालं, ह्यांच्या वॉर्डातली. आणि अक्का त्या दिवशी पंगतीत मान वर करून जेवल्या.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या खुर्चीत मी बसते. दर लगीनसराईत कोणाची तरी मावशी येते, आवाज खाली करून विचारते, आणि उत्तर घेऊन जाते. आता हे वाचून तुम्ही विचाराल, आमच्या नात्यातलं ते माणूस कोण? लग्नात सांगितलं ते त्याने, त्याच्या तोंडाने. माझ्याकडे बठ्ठास्ले एकच उत्तर शे.