रघू वादळ इलेक्ट्रॉनिक झाला तेव्हा

काही लोकांना किस्से जमवावे लागतात. आमच्याकडं ते काळ्या मातीसारखे चिकटतात. पाऊस होऊन गेल्यावर शेतातून नुसतं सरळ चालत या, बांधापर्यंत चप्पल जड झालीच! आमच्या चौघांचं तसंच आहे. आम्ही एका गायकाचे फॅन आहोत, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी चिकटतंच काहीतरी.

गायकाचं नाव रघू वादळ. मराठीत रॉक गातो. केस पाठीपर्यंत, गिटार गुडघ्यापर्यंत आणि आवाज शेजारच्या तालुक्यापर्यंत! कळमनुरीच्या आसपास त्याचे एकंदर चार फॅन. एक मी, गजानन. बाजाराच्या रस्त्याला माझं कृषी सेवा केंद्र आहे. परभणीला ॲग्रीच्या होस्टेलवर हा रोग लागला, अजून उतरला नाही. दुसऱ्या जयश्री सिस्टर, एका दवाखान्यात नर्स. वयानं मोठ्या, जिभेनं त्याहून मोठ्या. तिसरा सुनील राठोड. तांड्यावर शेती करतो आणि लग्नसराईत पिकअपवर डीजे लावून फिरतो. चौथा मुंजा, शिरड शहापूरचा. हळद लावतो, कमी बोलतो, आणि रघू वादळवर जीव ओवाळून टाकतो.

तर गेल्या शिमग्याच्या सुमाराला रघूनं मोबाइलवर जाहीर केलं : ‘नवीन अल्बम येतोय. या वेळी साउंड इलेक्ट्रॉनिक!’

झालं. चौघांत फाळणी!

सुनील नाचतच दुकानात आला. “गजूभाऊ, आला का न्हाई लायनीवर? शेवटी डीजेच!”

“डीजे आणि इलेक्ट्रॉनिक एकच का रे?” मी म्हटलं.

“दोन्हीला करंट लागते ना? मंग!”

\* \* \*

मुंजानं मात्र फार मनाला लावून घेतलं. बाजाराच्या दिवशी आला तो माझ्या दुकानात खताच्या पोत्यावर बसला. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. चहा दिला तर कप हातातच थंड झाला.

तेवढ्यात एक शेतकरी औषध घ्यायला आला. मुंजाकडं बघितलं, टोपी काढली आणि हळूच शेजारी टेकला.

“कवा झालं?”

“काल,” मुंजा म्हणाला.

“वय?”

“चाळीस.”

“अरारारा! काय झालतं?”

मुंजानं मोठा श्वास घेतला. “इलेक्ट्रॉनिक.”

शेतकऱ्यानं कपाळावर हात मारला. “मी घसा फोडून सांगून राहिलो लोकायला, ओल्या हातानं मोटार चालू करू नका! न्हाई ऐकत!”

जाताना बिचारा मुंजाच्या पाठीवरून हात फिरवून गेला. दारात थबकून मला विचारलं, “लेकरं हाईत का मागं?”

म्हटलं, “चार हाईत. त्यातला एक मी.”

\* \* \*

अल्बमची तारीख जाहीर झाली. शुक्रवार, दुपारी बारा. मी आनंदाच्या भरात व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं : ‘शुक्रवारी दुपारी बारा वाजता वादळ येतंय! या वेळी विजेसकट! तयार राहा!!’

आता माझं स्टेटस म्हणजे काय, हे मीच विसरलो होतो. रोज मी त्यावर हवामान टाकतो. कुठं गारपीट, कुठं ढगाळ, कुठली फवारणी कधी घ्यायची. पंचक्रोशी बघते. आणि दिवस कुठले? हळद शिजवून खळ्यावर वाळत घातलेली! त्या हळदीवर पाणी पडलं तर रंग गेला आणि भावही गेला.

गुरुवारी सकाळपासून दुकानात ताडपत्रीला ही गर्दी! मला वाटलं, एवढ्या ताडपत्र्या कशाला लागतात लोकांना? पण गिऱ्हाइकाला कोण विचारतं! दुपारपर्यंत माझ्याकडच्या संपल्या. संध्याकाळी घरी जाताना बघतो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खळीच्या खळी निळी झालेली!

शुक्रवारी लख्ख ऊन. आभाळात औषधाला ढग नाही. आणि बाराच्या ठोक्याला रघूची पोस्ट : ‘माफ करा. काही कारणानं अल्बम पुढं ढकलला आहे.’

एक वाजता आमच्या गल्लीतले तात्या पाच-सात जणांना घेऊन दुकानात हजर! तात्या म्हणजे गावाचा आवाज.

“गजू, वादळ कुठं हाय बे?”

 खरं सांगावं तर मार, खोटं सांगावं तर पाप. मी म्हटलं, “तात्या, ते... पुढं ढकललं.”

“वादळ?”

“व्हय.”

“कुणी ढकललं?”

“कंपनीनं.”

तात्यांनी मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. “घ्या! बी कंपनीचं, खत कंपनीचं. आता वादळबी कंपनीच्या हातात गेलं!”

आणि सगळे गंभीरपणे मान हलवत निघून गेले. त्या दिवसापासून माझं गाण्याचं स्टेटस बंद!

\* \* \*

अल्बम पुढं गेला, पण रघूनं एक छोटा तुकडा ऐकायला सोडला. अर्ध्या मिनिटाचा. त्यात रघू नव्हताच! गिटार नाही, ड्रम नाही. नुसतं, ‘टूं... टूं... टूं...’ आणि शेवटी एक लांबच लांब ‘टूंऽऽऽऽ’.

मुंजा म्हणाला, “हे गाणं हाय?”

सुनील म्हणाला, “ह्याच्यावर मी आख्खी वरात काढून दाखवतो!”

जयश्री सिस्टरांनी तर पुढचंच केलं. त्यांनी तो तुकडा रिंगटोन लावला.

त्यांच्या वॉर्डात तेव्हा एक आजोबा होते. पोटदुखीचे. दुखणं बरं झालेलं, पण आजोबा उठायलाच तयार नाहीत. डोळे मिटून पडून राहायचे. सुना बोलवायच्या, मुलगा बोलवायचा, आजोबा हूं की चूं करत नव्हते. डॉक्टरही म्हणाले, यांना काही झालेलं नाही, रुसलेत.

सिस्टर त्यांचं सलाईन बघायला वाकल्या आणि खिशातला फोन वाजला. ‘टूं... टूं... टूं... टूंऽऽऽऽऽ!’

पायाशी बसलेल्या त्यांच्या म्हातारीनं तो आवाज टीव्हीवरच्या मालिकेत मरणाच्या सीनला ऐकलेला. तिनं जो हंबरडा फोडला! सुना पदर तोंडाला लावून धावल्या. मुलगा भिंतीला टेकला.

आणि आजोबा ताडकन उठून बसले! “म्या हाय! अवं म्या हाय अजून! काहून रडून राहिली?”

सिस्टर सांगतात, आजोबा त्या दिवशी चालत बाथरूमला गेले, दोन भाकरी खाल्ल्या आणि घरी जायची घाई करू लागले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी गुपचूप सिस्टरांकडं आली. म्हणाली, “बाई, ते तुमचं गाणं माझ्या मोबाइलात टाकून द्या ना. घरी गेल्यावर लई कामाला येईन!”

\* \* \*

मग एक दिवस सुनील बातमी घेऊन आला. रघू वादळचा कुठंतरी कार्यक्रम आहे आणि त्याची गाडी वाशिमकडं जाताना कनेरगाव नाक्याला थांबणार. खबर कुणाची? त्याच्या साडूच्या मित्राची. म्हणजे पक्की!

चौघं गेलो. सिस्टरांनी सुट्टी टाकली. मी दुकान बंद केलं. मुंजानं इस्त्रीचा काळा शर्ट घातला. ढाब्यावर बसून एक शेवभाजी, दोन शेवभाज्या, तीन शेवभाज्या! ढाबेवाला विचारायला लागला, “पाव्हणे, मुलगी बघाया आलात का?”

आणि धुरळा उडवत एक भलीमोठी गाडी थांबली. दार उघडलं. काळा गॉगल, पाठीपर्यंत केस, दंडावर गोंदण, गळ्यात साखळी. असा उतरला, की बस!

आम्ही काही बोलायच्या आत मुंजा धावला. वाकला, पाय धरले, डोळ्यांत पाणी. त्याही माणसानं काय प्रेमानं उठवलं! दोन्ही खांद्यांना धरलं, डोळ्यांत बघितलं आणि गॉगल वर करून म्हणाला, “टेंशन नै लेने का भय्या. पानी लगेगा!”

मागं बघितलं तर गाडीवर बोअर मारायची मशीन! तो तमिळनाडूकडचा बोअरवाला अण्णा होता. दुष्काळी भागात लोक त्याच्या असेच पाया पडत असणार.

परतीच्या वाटेवर मुंजा काळ्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिला. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, “मुंजा, वाईट नको वाटून घेऊ. तुझा रघू इलेक्ट्रॉनिक होऊन राहिला. हा अण्णा बघ, अजूनबी रॉकच फोडतो!”

\* \* \*

सुनील आणि मुंजाचं या अल्बमवरून इतकं वाजलं, की दोघं एकमेकांशी बोलेनात. मुंजानं शपथ घेतली, “अल्बम ऐकणार न्हाई.” सुनील म्हणाला, “नको ऐकू, कोण आमंत्रण देऊन राहिलं!” पण सुनीलचा जीव पापडासारखा हळवा. त्याला करमेना.

त्याच्या एका वरातीला मुंजा पाहुणा म्हणून आला होता, नवरदेवाकडून. सुनीलनं त्याला गर्दीत पाहिलं. वरात अगदी रंगात आलेली, पोरं घामानं निथळलेली. आणि या बहाद्दरानं चालू गाणं मध्येच तोडून रघू वादळचं सगळ्यात जुनं, सगळ्यात कडक रॉक लावलं! ज्यात रघू सुरुवातीलाच जिवाच्या आकांतानं किंचाळतो ते.

नाच थांबला. बँजोवाला थांबला. घोडी चार पावलं मागं सरकली, नवरदेवासकट. भर रस्त्यात एकटा मुंजा डोळे मिटून मान हलवत होता आणि पिकअपवरून सुनील त्याच्याकडं बघून हसत होता.

इकडं रघूची किंकाळी काही संपेना. तेव्हा वऱ्हाडातली एक म्हातारी काठी टेकत पिकअपजवळ आली आणि स्पीकरला हात जोडून म्हणाली, “अरे, काय चुकलं असंन त्याचं ते असंन! आता सोडा त्या पोराला!”

सुनील आणि मुंजा बोलायला लागले ते त्या म्हातारीमुळं.

\* \* \*

अखेर अल्बम आला. पुन्हा शुक्रवार, पुन्हा दुपारी बारा. या वेळी मी कुणाला काही कळवलं नाही. सुनीलनं डीजेचे दोन स्पीकर माझ्या दुकानात आणून लावले. सिस्टर ड्यूटी बदलून आल्या. मुंजाची शपथ होती, म्हणून तो दुकानाच्या आत आला नाही. उंबऱ्यावर बसला. रस्त्याकडं तोंड करून!

मुंजा कमी बोलतो हे मी सुरुवातीला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. त्याची जीभ अडखळते. एखादा शब्द दातांमागं अडकला की सुटत नाही. दोन-तीन शब्दांचं तो नीट बोलतो, मोठं वाक्य आलं की मान खाली. शाळेत पोरांनी त्याला फार छळलं. गाताना मात्र अजिबात अडखळत नाही. हळदीच्या रानात एकटा रघूची गाणी ओरडून ओरडून म्हणतो, एक अक्षर अडत नाही. एकदा मला त्यानं मोबाइलवर लिहून पाठवलं होतं, ‘गजूभाऊ, रघूनं ओरडणं सोडलं तर मी कुठं जाऊ?’ मी अंगठा पाठवला.

पहिलं गाणं झालं. बरं होतं. दुसरं झालं. सुनील मांडीवर ठेका धरत होता. तिसरं सुरू झालं. संथ. मागं मशीनची घरघर, आणि त्यातून रघूचा आवाज आला, अगदी हळू :

‘मी... मी-मी-मी... मी-मी...’

इलेक्ट्रॉनिकवाले आवाजाचे तुकडे करून पुन्हा पुन्हा वाजवतात ना, तसं. शब्द पुढं जाईचना. ‘मी-मी-मी... बो-बो... बो-बो-बो...’

दुकानात आम्ही तिघं पुतळे झालो. मुंजाकडं बघायची कुणाची हिंमत होईना. सुनील पुटपुटला, “रेंज न्हाई वाट्टे... रेंजचा घोळ हाय...” सिस्टरांनी मोबाइल बंद करायला हात पुढं केला.

मुंजा उंबऱ्यावरून उठला. आत आला. सिस्टरांचा हात धरून बाजूला केला आणि स्पीकरसमोर उभा राहिला.

‘मी-मी-मी... बो-बो-बो...’

त्याच वेळी तात्या तणनाशकाची बाटली परत करायला आले. दारातच उभे राहून त्यांनी कान देऊन ऐकलं आणि ओरडले, “अबे, अडकलं ना तुमचं! बंद करा, काहून छळून राहिले त्याला!”

आम्ही तिघांनी मान खाली घातली. मुंजानं घातली नाही. तो तात्यांकडं वळला. सगळ्या दुकानासमोर, रस्त्यावरच्या माणसांसमोर, सावकाश म्हणाला,

“अ-अ-अडकलं न्हाई, तात्या. ब-बसा जरा. स-स-सरकतं पुढं.”

तात्या पोत्यावर बसले.