अळणी नवस

माझा थोरला भाऊ चितेगावच्या कंपनीत कामाला. मागं एकदा त्याचं डोकं असं सुटलं की झोप नाय, जेवण नाय, बोलणं मात्र थांबेना. शहरातल्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या, अधूनमधून रक्त तपासायला सांगितलं. हळूहळू तो पुन्हा आमचा झाला. "आता बडबड करायची पाळी तुझी," असं मला चिडवायला लागला.

आईचा भरवसा बिरोबावर. गोळ्यांच्या पाकिटाला ती हातसुद्धा लावायची नाय. पोरगं ताळ्यावर आलं तर त्याला श्रावणभर अळणी जेवू घालीन, असा तिनं नवस बोललेला. भाऊही मुकाट्यानं बिनमिठाचं खायला लागला. मीठ सोडून कुणाचं काय बिघडतं, असं आम्हाला वाटलं.

श्रावण निम्मा सरला अन् त्याचे हात कापायला लागले. मग उलट्या, जुलाब. पाय लटपटायचे, जीभ जड. चुलते म्हणाले, "गोळ्यांनीच घात केला, फेका उकिरड्यावर." आई म्हणाली, "देव कोपला." माझं डोकंच फिरलं. गोळी त्याला मारतीय की काय, अन् बंद केली तर तो पुन्हा हातचा जाईल, दोन्हीकडून जीव कासावीस. "गप बसा की सगळे!" म्हणून मी ओरडले आणि जीप काढायला लावली.

शहरातल्या दवाखान्यात तपासलं, तर रक्तात औषध लई साठलेलं निघालं. गोळी तेवढ्यापुरती थांबवून सलाईन लावलं. खाण्यात काय बदल केला, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी नवसाचं सांगितलं. "मीठ एकदम तुटलं की शरीर हे औषध बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं," ते म्हणाले.

वडिलांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते खाली बघत पुटपुटले, "मेंढराला मीठ कमी पडलं तर मला कळतं. पोराचं नाय कळलं." मला रडूच फुटलं.

भाऊ सावरला. डॉक्टरांनी गोळी कमी करून पुन्हा सुरू केली. घरी आल्यावर पहिल्या जेवणाला आईनं त्याच्या ताटात मीठ घातलेली आमटी वाढली, स्वतःला अळणी घेतली.

"आई, तूबी मीठ खा की," भाऊ म्हणाला.

"नवस माझा. मी फेडते," ती म्हणाली. मग उठली, फळीवरचं पाकीट काढलं आणि गोळी आपल्या हातानं त्याच्या तळव्यावर ठेवली.