वाढत्या मापाची कुऱ्हाड

आमच्या घरात सगळं वाढत्या मापाचं. लेक शाळेत होती तेव्हा तिचा युनिफॉर्म नवऱ्याने आणला, की त्यात तिची एखादी मैत्रीणही मावली असती. त्यामुळे आता लेक टोमाहॉक, म्हणजे फेकायची कुऱ्हाड, घ्यायला निघाली आणि हा म्हणाला, "थांब, मी येतो. तुला कळायचं नाही," तेव्हाच मी पर्स उचलली. फुकटचा तमाशा सोडून घरी कोण बसणार!

लेकीला दूर टूवूंबा शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. पुढच्या आठवड्यात ती आमचं वॉलॉंगॉंग सोडून जाणार होती, पहिल्यांदाच एकटी. तिथे कुऱ्हाड फेकणाऱ्यांचा क्लब आहे म्हणे, तेवढ्याच ओळखी होतील. लोकांच्या मुली गाणं शिकतात, आमची कुऱ्हाडी फेकते. असो. नवरा मात्र ती नोकरीची बातमी आल्यापासून धास्तावला होता. एकदा गेलेली पोर परत कसली येतेय, एवढंच त्याच्या डोक्यात.

दुकानात स्वारी थेट सगळ्यात दांडगट कुऱ्हाडीपाशी. "ही घे. जन्मभर टिकेल."

"बाबा, इट्स टू हेवी."

"होईल सवय. अजून हात भरतील तुझे."

"बाबा! आय अॅम डन ग्रोइंग!"

दुकानामागे फेकून बघायला लाकडाची फळी होती. लेकीने जड कुऱ्हाड फेकली, ती फळीच्या अलीकडेच धप्पकन पडली. मग सरळ लाकडी दांड्याची हलकी फेकली. हवेत एक गिरकी, आणि खाडकन रुतली! मी टाळ्या वाजवल्या.

"दांडा तुटेल हा," नवरा पुटपुटला.

"तुटतोच. नवा बसवायचा. नो वरीज, मेट," दुकानदार म्हणाला. झालं, अपील फेटाळलं.

लेक हलकी घेऊन काउंटरकडे गेली. हा मात्र जड कुऱ्हाड हातात धरून तिथेच उभा.

"अरे, ठेव की आता ती खाली. लढाईला निघालायस का?"

"हिला ही घेतली असती ना," तो हळूच म्हणाला, "तर एवढं ओझं टूवूंबाला नेलंच नसतं तिने. इथेच ठेवून गेली असती. मग फेकायला तरी घरी आली असती."

माझेच डोळे भरून आले. त्याच्या हातातली कुऱ्हाड मी घेतली आणि काउंटरवर लेकीच्या कुऱ्हाडीशेजारी ठेवली.

"आई, हू इज धिस फॉर?"

"तुलाच," मी म्हटलं. "पण ही घरी राहील."