भिवाबाचं धोतर

आमच्या बोरी गावात कुणी वारलं की भिवाबा धनगर सगळ्यांच्या आधी त्या दारात हजर. मेंढरं सोडून यायचा, मयताच्या तोंडाकडे निरखून बघायचा आणि म्हणायचा, "ह्योबी माझ्या आधी गेला." बाकी अक्षर नाही. रडणाऱ्या बायकाही पदराआडून एकमेकींकडे बघत.

मी लग्न होऊन त्याच्या शेजारी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि भिवाबाच्या वयाचा अंदाज कुणालाच नव्हता. सेलूला रेल्वे आली तेव्हा त्याचा नातू मेंढरांमागे जात होता म्हणे. तो नातू, मुलगे, बायको, सगळे गेले. भिवाबा मात्र शिळी भाकर कडाकडा चावायचा. मला हे मुळीच सरळ वाटत नसे. कुणी म्हणे, हैदराबादच्या हकिमाने त्याला आयुष्य वाढवायचं कसलंसं भस्म, कुश्ता की काय ते, चारलंय. माझ्या सासूबाईंचं मत याहून वाईट होतं: म्हातारं दुसऱ्यांचं आयुष्य खातं. तो गल्लीतून निघाला की बायका लेकरांवर पदर ओढत.

माझी पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. दोन्ही वेळा भिवाबा दारात, दोन्ही वेळा तेच वाक्य. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा सासूबाईंनी मला त्याच्याकडेच पाठवलं. आमच्याकडे बाळाचं पहिलं अंगडं खूप जगलेल्या माणसाच्या जुन्या कापडाचं शिवतात. म्हाताऱ्यापाशी लोकांचं एवढं आयुष्य साठलंय, त्यातलं थोडं आपल्या नातवाला मिळालं तर काय वाईट, असा त्यांचा विचार. मी मनात राग धरूनच गेले आणि जुनं धोतर मागितलं. एक विरलेलं धोतर समोर दोरीवर वाळतच होतं. त्यानं ते ओढून मांडीखाली दाबलं.

माझा संशय पक्का झाला. मी तोडून बोलले, "एवढं आयुष्य एकट्यालाच पुरवायचंय का तुमाला?"

त्यानं लोकर कातायची चाती फिरवली. मग म्हणाला, "माय, मलाबी असंच शिवलं व्हतं. पणज्याच्या पटक्याचं. लय जगला व्हता त्यो. त्याचं आयुष्य मला लागलं. पर ते एकट्यालाच लागतंय, लेकरांला न्हाई लागत. ह्ये कापड घालशील तर तुज्या पोराला त्याची लेकरं पुरावी लागतील."

पुन्हा चाती फिरली. "वरल्या आळीची म्हातारी काशीबाई गेली न्हवं मागं? लेकांच्या खांद्यावर गेली. तिचं लुगडं माग."

मी तशीच परत फिरले. त्याचं ते वाक्य आम्ही इतकी वर्षं बढाई समजत होतो. म्हातारा दारोदार जाऊन गाऱ्हाणं घालत होता.

काशीबाईच्या लुगड्याचं अंगडं घातलं आणि माझा मुलगा जगला. निजामाचं राज्य गेलं त्या साली भिवाबाही गेला. तो खरंच गेलाय यावर गावाचा विश्वास बसेना. दुपारपर्यंत कुणी हात लावला नाही. मग शेजारणी धोतराचे तुकडे मागत आल्या. मी एकही फाडू दिला नाही, सगळं त्याच्याबरोबर पुरायला लावलं.

आता माझ्या पातळांसाठी बायका येतात. परवा जेवायला वाढताना नातसून कौतुकानं म्हणाली, आजी, तुम्ही शंभरी गाठणार. मला ते अजिबात आवडलं नाही. ओसरीवर मुलगा खोकत होता. तोही आता म्हाताराच झालाय. त्याचा खोकला थांबेपर्यंत माझा घास तोंडातच राहिला.

पातळ मागणाऱ्यांना मी एकच सांगते, "या माझ्या लेकाच्या खांद्यावर गेले तर न्या. न्हाईतर हात लावू नका."