तीनशे बारा फोन आणि एक तोंड

ऑफिसात त्यांना सगळे बोर्डबाई म्हणायचे. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पूर्वी टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्याच्यापुढे बसून बाईंनी वीस-बावीस वर्षं लाइनी जोडल्या होत्या. मग बोर्ड भंगारात गेला, भिंतीतल्या वायरी उपटल्या आणि टेबलाटेबलावर नेटवर्कवर चालणारे नवे फोन आले. बरोबरीच्या दोघी ऑपरेटर घरी बसल्या. बाई बसल्या नाहीत. ठेकेदाराच्या इंजिनिअरमागे वही घेऊन दोन महिने त्या अशा काही फिरल्या, की शेवटी तोच वैतागून म्हणाला, "बाई, आता तुम्हीच मला शिकवा." बोर्ड गेला, नाव मात्र राहिलं. तीनशे बारा फोन त्यांच्या हवाली झाले.

मोठे साहेब बदलून आले, तिथून पुढची ही गोष्ट.

साहेबांना बोलायची भारी हौस. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि पाऊण तास भाषण ठोकलं. पुढच्या भाषणाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांचा सचिव, ज्याला पाठीमागे सगळं ऑफिस होयबा म्हणे, तो दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत आला.

"बाई, माणसं भाषणाला येत नसतील, तर भाषणच माणसांकडे गेलं पाहिजे. टेबलावरच्या फोनमधून साहेबांचा आवाज थेट ऐकू येईल का? कोणी फोन न उचलता?"

"येईल की," बाई म्हणाल्या.

पुढे कित्येकदा त्यांना वाटलं, तेव्हा जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. पण कामाचं विचारलं की बाईंना नाही म्हणता यायचं नाही. काम अवघडही नव्हतं. एका खोलीत माइक ठेवायचा, त्याचा आवाज सर्व्हरमधून नेटवर्कवर सोडायचा आणि सगळ्या फोनना सांगून ठेवायचं की हा आवाज आला की आपला स्पीकर आपोआप चालू करा. रेडिओसारखं. दोन दिवसांत बाईंनी ते जमवलं. आपल्या खोलीशेजारची लहानशी खोली रिकामी केली, मध्ये काच बसवून घेतली, भिंतींना आवाज गिळणारे फोमचे जाड तक्ते लावले. पहिल्या दिवशी सकाळी दहाला साहेब बोलले तेव्हा तिन्ही मजल्यांवरचे फोन एका सुरात बोलले, कुठे खरखर नाही, कुठे मागेपुढे नाही. बाईंना खरं सांगायचं तर अभिमानच वाटला.

तो अभिमान आठवडाभर टिकला.

साहेब माइक अगदी ओठांशी धरत. लांब धरा म्हटलं तर म्हणत, "जवळून बोललं की आपुलकी वाटते." आणि बोलताना त्यांच्या तोंडात लवंग असे. आवाज नीट जातोय की नाही हे पाहण्यासाठी बाईंना कानाला हेडफोन लावून सगळं भाषण ऐकावं लागे. बाकीच्यांना नुसते शब्द ऐकू येत. बाईंना तोंड ऐकू येई. ओठ सुटतानाचा पचकन आवाज. गालात फिरणारी लवंग. खालच्या कवळीची टक्‌टक. मध्येच घेतलेला पाण्याचा घोट आणि तो घशातून खाली उतरेपर्यंतची गुळगुळ. वर शब्द काय, तर शिस्त, निष्ठा, समर्पण, आपलं हे कुटुंब. वीस मिनिटं. रोज. बाईंना वाटायचं, कोणीतरी ओल्या फडक्याने आपला कान आतून पुसतंय. भाषण संपलं की त्या नळावर जाऊन दोन्ही कान धुऊन यायच्या. पाण्याने आवाज जात नाही हे काय त्यांना कळत नव्हतं?

घरी नवरा विचारायचा, "आज काय म्हणाले तुमचे महाराज?" तो बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून त्याचेही कान किटलेले असत. दोघं संध्याकाळी टीव्ही न लावता समोरासमोर चहा पीत बसत. त्यांच्या संसारात शांतता हीच चैन होती.

"अहो, नाव नका काढू. शिसारी येते."

"मग सांग की त्यांना, माझ्याच्याने होत नाही म्हणून."

"आणि करू काय? फोनचंच काम तर येतं मला."

इकडे ऑफिसात लोकांनी आपापले उपाय शोधले. कोणी आवाज शून्यावर आणला, कोणी फोन ड्रॉवरमध्ये कोंडला. एका मुलीने तर फोनवर स्वेटर घालून ठेवला होता. होयबाने एक दिवस फेरी मारली आणि बाईंकडे चिठ्ठी आली: आवाज कमी करता येऊ नये असं करा. बाईंनी केलं. मग एका भाषणाच्या मधोमध हिशेब विभागात कोणाचा तरी फोन आला, साहेबांचा आवाज त्या फोनवर तुटला आणि लगेच दुसरी चिठ्ठी आली: भाषण चालू असताना बाहेरचा कोणताही कॉल लागू नये. या चिठ्ठीशी बाई जरा थबकल्या.

"अहो सचिव, कोणाचं काही तातडीचं असलं तर? मोबाइल तर गेटवरच जमा करून घेता."

"वीस मिनिटांत काय आभाळ कोसळतंय? साहेब बोलत असताना घंटा वाजलेली बरी दिसते का?"

बाईंनी सर्व्हरवर जाऊन भाषणाला सगळ्यात वरचा क्रम दिला. चार ओळींचा बदल. त्या दिवसापासून दहा ते दहा वीस बाहेरून कोणी फोन केला की त्याला नुसता 'व्यस्त'चा सूर ऐकू येऊ लागला. लोक बाईंकडे बघेनासे झाले. जिन्यात गाठ पडली की बोलणं थांबे. साहेबांवरचा राग साहेबांपर्यंत पोचत नाही, तो वाटेत जो कोणी दिसेल त्याच्यावर उतरतो. वाटेत बाई होत्या.

तळघरात जुन्या फायलींची खोली होती. तिथला दफ्तरी बाईंच्याच वेळचा, सरळ माणूस, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. त्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. रजा मागितली तर होयबाने ऑपरेशनच्या दिवसाची दुपारनंतरची अर्धी दिली, कारण ऑपरेशन दुपारी होतं. सकाळी दफ्तरी कामावर आला. पण इस्पितळात सकाळचा एक पेशंट रद्द झाला आणि त्याच्या बायकोचा नंबर आधी लागला. आत नेण्यापूर्वी ती नर्सला म्हणाली, "आमच्या ह्यांना जरा फोन लावून द्या." नर्सने दहा वाजून चार मिनिटांनी लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. पाच वेळा लावला, मग तिला आत नेलं. वर साहेब वेळेच्या महत्त्वावर बोलत होते आणि तळघरात, फायलींच्या ढिगात, दफ्तरी ते ऐकत होता. त्याने काय करावं? त्याचा फोन तर बोलत होता.

ती ऑपरेशनमधून उठलीच नाही.

बाईंना हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या सर्व्हरपुढे बसल्या आणि कालची नोंद उघडून पाहिली. दहा चार, दहा पाच, दहा सात, दहा नऊ, दहा बारा. पाच ओळी, सगळ्यांपुढे एकच शेरा: कॉल नाकारला. कोणी नाकारला? मशीनने. मशीनला कोणी सांगितलं? बाईंनी त्याच बैठकीत तो बदल मागे घेतला, कोणाला न विचारता. आता भाषण चालू असलं तरी कॉल लागणार होता. होयबाला पत्ताही लागला नाही.

आठवडाभराने दफ्तरी कामावर आला. बाई तळघरात गेल्या. तो एका फायलीची नाडी बांधत होता.

"भाऊ, तो कॉल मी अडवला. माझ्या हाताने केलं होतं मी ते."

दफ्तरीने गाठ पक्की केली. "तुम्ही कुठे, बाई. वरून चिठ्ठी आली असेल."

"चिठ्ठी आली म्हणून काय झालं? तुम्ही शिव्या द्या मला. दोन थोबाडीत मारा."

"मी सारखा विचार करतो, ती काय बोलली असती," तो म्हणाला. "काही खास नाही हो. दूध उतू जाऊ देऊ नका, किल्ली शेजारी ठेवा. असलंच काहीतरी. तेवढंच ऐकायचं राहिलं."

बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसल्या. एवढे दिवस साहेबांच्या तोंडाची किळस होती, आज स्वतःच्या हातांची आली.

आणि मग त्याच आठवड्यात होयबा हसऱ्या चेहऱ्याने खोलीत शिरला. "उद्याचं भाषण खास आहे. साहेब दफ्तरीच्या पत्नीला श्रद्धांजली वाहणार आहेत. दफ्तरीलाही शेजारी बसवायचं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दहाला काचेपलीकडे साहेब बसले, शेजारी स्टुलावर दफ्तरी, मागे पाण्याचा पेला धरून होयबा. आवाज सुरू झाल्याचा तांबडा दिवा लागला. बाईंनी हेडफोन चढवला. लवंग गालात फिरली, ओठ सुटले.

"आज मी तुम्हाला निष्ठेचं एक उदाहरण सांगणार आहे," साहेब म्हणाले. "तिकडे पत्नी मृत्यूशी झुंजत असताना हा माणूस कुठे होता? आपल्या जागेवर! माझे शब्द ऐकत! याला म्हणतात समर्पण..."

बाईंनी दफ्तरीकडे पाहिलं. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

बाईंनी हात पुढे केला आणि माइककडून सर्व्हरकडे जाणारी वायर काढली. एवढंच. हेडफोन थेट माइकला जोडलेला होता, म्हणून त्यांच्या कानात आवाज चालू राहिला. तांबडा दिवाही चालू राहिला. वर तिन्ही मजल्यांवरचे फोन गप्प झाले. साहेबांचे डोळे भाषणाच्या कागदावर होते, होयबाचे साहेबांवर. दफ्तरीने मान वर केली तेव्हा बाईंनी ते वायरीचं टोक काचेपुढे धरलं. त्याने टोकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि मग तो पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, एखाद्या स्टेशनवर गाडीची वाट बघावी तसा निवांत बसला.

साहेब सतरा मिनिटं बोलले. मधे त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तो घोट, ती गुळगुळ, ते पचपच, सगळं एकट्या बाईंनी ऐकलं. हेडफोन काढला नाही. दुसऱ्या कोणाच्या कानावर पडू नये म्हणून कोणीतरी ऐकणं भाग होतं, असं त्यांना वाटलं.

आता बोंब होणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. राजीनाम्याचा कागदही मनात लिहून झाला होता. पण बारा वाजता होयबा आला तो फाइल मिरवत. विभागप्रमुखांच्या प्रतिक्रिया. त्याने मोठ्याने वाचून दाखवल्या.

"'आजच्या आपल्या शब्दांनी अंतःकरण हेलावलं.' हे खरेदी विभागाचे. 'शेवटचं वाक्य तर मनात कोरलं गेलं.' हे हिशेबवाले. नऊ पत्रं आली, बाई. नऊच्या नऊ!"

बाईंना ओकारीच आली. तोंडावर पदर धरून त्या नळाकडे पळाल्या. सुरुवातीची चार वाक्यं सोडली तर एक शब्द ऐकला नव्हता या नऊ जणांनी. फोन मधेच गप्प का झाला याची चौकशी करण्याइतकीही कोणाला गरज वाटली नव्हती. साहेब निदान स्वतःचं ऐकत तरी होते.

तोंड पुसून त्या तशाच वर गेल्या आणि साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, पहिली चार वाक्यं सोडली तर आजचं भाषण कोणीही ऐकलं नाही. मी वायर काढली होती. दहा वाजून दोन मिनिटांनी. ही नोंद."

साहेबांनी नोंदीचा कागद पाहिला. मग नऊ पत्रांकडे पाहिलं. बाईंना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलल्यासारखं दिसलं, पाण्याखाली मासा हलावा तसं. मग ते बुडालं.

"मग ही पत्रं कशी आली?"

"ते तुम्ही त्यांना विचारा."

"साहेब, बाईंना हल्ली बरं नसतं," होयबा मागून म्हणाला. "आत्ताच उलटी झाली त्यांना. मी डोळ्यांनी पाहिलं."

साहेबांनी नोंदीचा कागद घडी करून पत्रांच्या खाली सरकवला. "थकला आहात तुम्ही, बाई. हलकं काम देऊ आपण."

दफ्तरीला कोणी विचारलंच नाही. त्याने आपण होऊन सांगितलंही नाही. महिन्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि मुलीकडे राहायला गेला. जाताना बाईंना भेटला, म्हणाला, "त्या दिवशी वायर दाखवलीत, बरं केलंत." एवढंच.

बाईंची बदली आवक-जावकला झाली. पत्रांवर तारखेचे शिक्के मारायचे. भाषणाचं काम ठेकेदाराच्या माणसाकडे गेलं. "कॉल लागण्याचा क्रम मी बदललाय, तो तसाच राहू द्या," असं बाईंनी त्याला दोनदा बजावलं. तो 'बरं' म्हणाला, पण त्याचं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं. खरंच तसाच ठेवला की नाही, बाईंना आजही ठाऊक नाही.

नव्या टेबलावरही फोन होताच. पहिल्या दिवशी दहाला तो आपोआप चालू झाला, ओठ सुटले, आणि बाई हातातला शिक्का तसाच टाकून उठल्या. कुठे जायचं ठरलं नव्हतं. कॉरिडॉरच्या टोकाला बायकांची मुतारी होती, फोन नसलेली मजल्यावरची एकच जागा. तिथलं पाणी आठवड्यातून चार दिवस नसे आणि वास असा की नाकाला रुमाल लावल्याशिवाय पाय ठेववत नसे. बाईंनी दार ढकललं. आत पाच जणी उभ्या होत्या, भिंतीला पाठ लावून, नाकाला रुमाल लावून. त्यांतल्या दोघी महिनोन्‌महिने बाईंशी बोलत नव्हत्या.

खिडकीजवळची टायपिस्ट जरा सरकली आणि बाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.