मुरमाच्या खाणीवरची लाल निशाणं

मानसिंग सैन्यातून हवालदार होऊन परतला, पण स्वस्थ बसायला काही शिकला नाही. म्हसवडजवळच्या त्याच्या गावाबाहेर रस्त्यासाठी मुरूम काढून खाण तशीच सोडलेली होती. तिच्यात पाणी साठलं आणि दर हिवाळ्यात तिथं नारिंगी चक्रवाक बदकं उतरू लागली. गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून मानसिंग रोज सकाळी काठावर येरझाऱ्या घाली आणि वहीत वेळ, संख्या, दिशा लिही.

१९९६च्या डिसेंबरात सरपंच ज्योतिबानं खाण बुजवून तिथं बैलबाजार भरवायचं ठरवलं. मानसिंग भांडायला गेला.

"तुझी पाखरं दाव, मग बघू," सरपंच म्हणाला. "ऐतवारी येतो."

मधे पाच दिवस होते. शेरडं, मोटारसायकली, धुणं घेऊन येणाऱ्या बाया, कुणीच पाण्याकडं फिरकू नये म्हणून त्यानं काठाभोवती लाल निशाणं रोवली, गोळीबाराच्या मैदानावर लावतात तशी. माणसं यायची थांबली. चक्रवाकही उतरेनात. वरच्या वर घिरट्या घालून निघून जात. मानसिंगनं आणखी चार निशाणं वाढवली.

शनिवारी संध्याकाळी त्याची बायको शालूबाई ज्वारीच्या राखणीवरून येताना काठावर थांबली.

"आवं, रानात पाखरू बसू नये म्हणून मी चिंध्या बांधते. तुमी हितं कशापायी बांधल्या?"

मानसिंगनं हाताजवळचं निशाण उपटलं. अंधार पडायच्या आत सगळी निशाणं उपटून झाली.

रविवारी सरपंच सातला आला. पाण्यावर काहीच नव्हतं. मानसिंग तिसऱ्यांदा उठला तशी शालूबाई म्हणाली, "बसा की गप. आता तुमीच बुजगावणं झालाय."

तो बसला. गुडघा मात्र हलतच राहिला. आठ वाजले. सरपंच "न्हाई गड्या" म्हणत उठणार, तेवढ्यात डोंगराकडून आवाज आला. आठ चक्रवाक दोन घिरट्या घालून पलीकडच्या काठाला उतरले. सरपंच बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिला.

"जोडीजोडीनं हिंडत्यात व्हय रं?"

"व्हय."

"अन् जात्यात कवा?"

खोटं बोलता आलं असतं. पण वहीत तारखा होत्या.

"होळीच्या आसपास."

"मग होळीपातूर भराव टाकत न्हाई."

सरपंच गेला. मानसिंग तिथंच बसून होता. होळीला पाखरं गेल्यावर भराव थांबवायला रिकामं पाणी कुणाला काय म्हणून दाखवायचं, ते त्याला सुचेना. गुडघा पुन्हा हलू लागला.