कपाटाची किल्ली

बंदुकीच्या परवान्यांच्या टेबलावर बावीस वर्षं बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्वतःच अर्ज घेऊन येतात! रिटायर झालेल्या आम्हा मंडळींचा चहा जमला, की कुणीतरी म्हणतंच, “कुलकर्णीबाई, सोनवणे साहेबांचं सांगा ना!” मग मी चार किस्से सांगते, सगळे हसतात. पाचवा सांगत नाही, कारण त्यात चूक माझी आहे. आज तोही सांगते.

सोनवणे साहेब आमच्या शाखेचे अधिकारी. कागदपत्रं कितीही चोख असोत, अर्जदाराला ते म्हणायचे, “उद्या मिसेसना घेऊन या.” नियमात असलं काही नव्हतं. बाई आल्या की त्यांना एकच प्रश्न, “घरात पिस्तूल आलं तर कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार?” उत्तर ऐकून साहेब शिफारस करायचे, किंवा करायचे नाहीत. करणार असले तर बाईंना दारापर्यंत सोडायला जायचे आणि हळूच सांगायचे, “किल्ली तुमच्याकडेच ठेवा. रागात मागितली तर हरवली म्हणायचं!”

*

एका बिल्डरने अर्जात कारण लिहिलं होतं, ‘समाजात वावर मोठा आहे.’ बायकोला साहेबांनी किल्लीचं विचारलं.

“किल्ली? अहो, यांच्या गाडीची किल्ली रोज सकाळी मी शोधून देते! परवा फ्रीजमध्ये सापडली.”

बिल्डर लाल. साहेबांनी फाइल मिटली आणि दोघांसाठी चहा मागवला.

*

नारायण पेठेतले एक आजोबा वडिलांच्या दुनळी बंदुकीचा परवाना पुढे चालू ठेवायला आले. सोबत आजी.

“आजी, ही बंदूक शेवटची कधी वापरली?”

“मंगळवारी,” आजी म्हणाल्या. साहेब दचकले. “वरच्या खिडकीचा पडदा सरकवायला. आमचा हात पोचत नाही.”

साहेबांनी त्यांना बंदूक जमा करायला लावली आणि पडद्यासाठी स्वतः एक काठी नेऊन दिली. आजींनी ती निरखून पाहिली. “बंदूक जास्त लांब होती,” म्हणाल्या!

*

मार्केट यार्डातले कांद्याचे एक व्यापारी तावातावाने ऑफिसात शिरले. “साहेब, कपाटाची किल्ली तीन दिवस हरवलीये! बायको म्हणते सापडत नाही. कपाट फोडायचं तर तुमची परमिशन लागते का?”

“कुणाशी भांडण झालंय?” साहेबांनी विचारलं.

“पार्टनरशी,” व्यापारी म्हणाले.

“मग थांबा. ते मिटलं की सापडेल.”

आठवड्याने पेढे घेऊन आले. पार्टनरशी समेट झाला होता आणि किल्ली साखरेच्या डब्यात सापडली होती!

*

आमच्या शाखेतला देशमुख या सगळ्याची टिंगल करायचा. एकदा पेपर नाचवत म्हणाला, “साहेब, तुम्ही इथे बायकांच्या मुलाखती घ्या. बाहेर पोरं कोयते घेऊन फिरतायत. त्यांच्याकडे कुठलं लायसन्स? कायद्याने काय फरक पडला, सांगा!”

साहेब म्हणाले, “किती पडला ते मला मोजता येत नाही, देशमुख. पण कोयत्याला माणसाच्या जवळ जावं लागतं. जवळ गेल्यावर एखादा थांबतोही.”

देशमुख म्हणाला, “आणि नाही थांबला तर?”

“तर आपण हरलो,” साहेब म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

*

साहेब निवृत्त झाले. नवे अधिकारी हुशार, कामाचा उरक मोठा. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, ही मिसेसची भानगड कुठल्या नियमात आहे?” मी म्हटलं, “कुठल्याच नाही.” “मग बंद करा.” मला मनातून बरंच वाटलं. टेबलावर फाइलींचा ढीग होता. मला ते गुपचूप चालू ठेवता आलं असतं, पण मी ठेवलं नाही.

त्याच आठवड्यात हिंजवडीचे दत्तोबा आले. जमिनीला भाव आलेला, भावाशी वाटणीवरून धुसफूस. अर्जात मात्र कारण ‘स्वसंरक्षण’. कागद सगळे बरोबर. त्यांनी साहेबांची पद्धत कुठूनतरी ऐकली होती. म्हणाले, “मॅडम, आमची मंडळी खाली गाडीत बसल्यात. वर बोलवू का?”

मी मान वर न करता म्हटलं, “नको हो. ते आता बंद झालंय.”

वर्षभराने पेपरात बातमी आली. बांधावरच्या भांडणात सख्ख्या भावावर गोळी झाडली, भाऊ जागीच गेला. नाव वाचलं आणि मला ती फाइल आठवली. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

महिन्याभराने एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. वकिलाने परवान्याची प्रत मागितली होती. मी खुर्ची दिली, पाणी दिलं.

“मागं एकदा आले हुते मी,” त्या म्हणाल्या. “खाली गाडीतच बसले हुते.”

मी प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पिशवीत ठेवली, पण उठल्या नाहीत.

“कपाटाची किल्ली माझ्यापाशीच असायची, मॅडम. त्या दिवशी हे लई रागात हुते. त्यांनी मागितली, म्हणून मी दिली.” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “द्यायची नव्हती का?”